टपालाचा वेग आणि टेहळणीची गरज : हाइंकेल एचई ७० च्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील मोठ्या काचपेटीसाठी हाइंकेल एचई ७० या जर्मन विमानाची १:१० प्रमाणातील लाकडी प्रतिकृती करण्याच्या कामाला आज सुरुवात झाली. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १४.८ मीटर आणि लांबी ११.७ मीटर होती, म्हणजे प्रतिकृती सुमारे दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटरला थोडी कमी लांब होईल. अशी तीनशेच्या आसपास विमाने बांधली गेली, पण त्यांतले एकही पूर्ण विमान आज उरलेले नाही. ज्या विमानाने पुढच्या दहा वर्षांच्या विमानरचनेवर एवढी छाप पाडली, ते डोळ्यांनी पाहण्याची सोय जगात कुठेच नसावी, ही गोष्ट मला अनेक वर्षे खटकत आली आहे.

आराखड्याविषयी पहिला निर्णय असा झाला की धडाचा वरचा मागील भाग सुटा ठेवायचा आणि तो दोन प्रकारे करायचा. एक भाग टपाल विमानाचा, बंद केबिनचा आणि सलग गुळगुळीत पाठीचा. दुसरा टेहळणी विमानाचा, मागे उघडी बंदूकजागा असलेला. पंख, शेपूट, नाक आणि चाके दोन्हींसाठी तीच राहतील. प्रत्यक्ष इतिहासातही तसेच घडले होते. एकाच कामासाठी घासूनपुसून तयार केलेले विमान दुसऱ्या कामाला लावले गेले आणि जे गुण पहिल्या कामात उपयोगी पडले तेच दुसऱ्या कामात अडचणीचे ठरले. प्रतिकृती पाहणाऱ्याला हे हाताने एक भाग काढून दुसरा बसवताना कळावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

१९ जानेवारी

विद्यार्थ्यांसाठी पार्श्वभूमीचे टिपण लिहून घेतले. ते इथेही नोंदवतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

१९३२ च्या उन्हाळ्याआधी स्विसएअरने अमेरिकेतून लॉकहीड ओरायन जातीची दोन विमाने आणून झुरिक–म्युनिक–व्हिएन्ना मार्गावर लावली. लाकडी बांधणी, आत घेता येणारी चाके आणि युरोपातल्या इतर प्रवासी विमानांच्या तुलनेत फारच मोठा वेग, अशी ती विमाने होती. लुफ्थांझा या जर्मन विमान कंपनीकडे त्या वेळी असलेली विमाने भक्कम आणि भरवशाची होती, पण मंद होती. शेजारच्या छोट्या देशाची कंपनी आपल्याच म्युनिकवरून आपल्यापेक्षा वेगाने टपाल आणि प्रवासी नेते, हे जर्मनीत कोणालाच सोसवण्यासारखे नव्हते. वार्नेमुंडे येथील एर्न्स्ट हाइंकेल यांच्या कारखान्यात तेव्हा एचई ६५ नावाच्या वेगवान टपाल विमानाची आखणी चालू होती. ओरायनचे आकडे समोर आल्यावर ती आखणी अपुरी ठरली आणि नव्याने रेखाटने सुरू झाली. त्यांतून एचई ७० उभे राहिले. युंकर्सने त्याच गरजेसाठी यू ६० केले, परंतु वेगात ते मागे पडले आणि त्याचे मोठ्या संख्येने उत्पादन झालेच नाही.

हाइंकेल टपालाच्या कामात नवखे नव्हते. जुलै १९२९ मध्ये ‘ब्रेमेन’ या जहाजाच्या पहिल्याच अटलांटिक सफरीत न्यूयॉर्क जवळ आल्यावर जहाजावरील कॅटापल्टमधून, म्हणजे विमान जोराने हवेत फेकणाऱ्या यंत्रातून, जे टपाल विमान उडवले गेले, ते हाइंकेलचे एचई १२ होते आणि कॅटापल्टही हाइंकेलचेच होते. त्यामुळे टपालाच्या वाहतुकीत वाचलेल्या तासाची किंमत या कारखान्याला इतरांपेक्षा आधी कळली होती, असे म्हणायला हरकत नाही.

रचनेचे काम झिगफ्रीड आणि वाल्टर ग्युंटर या जुळ्या भावांकडे होते. ते १९३१ मध्ये हाइंकेलकडे आले. त्याआधी हॅम्बुर्गच्या बॉइमर कंपनीत त्यांनी ‘झाउझेविंड’ नावाचे छोटे, देखणे, लंबवर्तुळाकार पंखांचे क्रीडाविमान आखण्यात भाग घेतला होता. त्यांनी कागदावर काढलेली वक्रता प्रत्यक्षात बांधता येईल अशी करण्याची जबाबदारी कार्ल श्वेर्त्सलर यांची होती. प्रतिकृती करू लागल्यावर या दुसऱ्या जबाबदारीचा आकार लक्षात येतो. सरळ कड असलेला एकही मोठा भाग या विमानात नाही.

२ फेब्रुवारी

आज पंखाची पूर्ण आकाराची आखणी जाड कागदावर केली. पंखाचे क्षेत्रफळ ३६.५ चौरस मीटर. शुद्ध लंबवर्तुळ धरले तर मध्यरेषेवरची रुंदी क्षेत्रफळाच्या चौपटीला π आणि विस्तार यांच्या गुणाकाराने भागून मिळते. ती सुमारे ३ मीटर १४ सेंटिमीटर येते. म्हणजे प्रतिकृतीत मध्यरेषेवर ३१.४ सेंटिमीटर, अर्ध्या वाटेवर २७.२ आणि टोकापासून दहावा हिस्सा अलीकडे १३.७. या तीन आकड्यांतच आकाराचा स्वभाव दिसतो: बराच वेळ पंख जवळजवळ तसाच रुंद राहतो आणि मग शेवटी झपाट्याने निमुळता होतो. पुढची आणि मागची कड सारखी वळत नसल्यामुळे रिबांच्या, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांच्या, जागा मात्र गणिताने न ठरवता छायाचित्रांवरून आणि त्रिदर्शी रेखाटनावरून ताडून घेतल्या.

लंबवर्तुळाचे कारण बहुतेक ठिकाणी एका वाक्यात सांगितले जाते: गॉटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांच्या सिद्धान्तानुसार पंखावरील उचल, म्हणजे विमानाला वर धरणारे बल, लंबवर्तुळाकार पसरली तर उचलीपायी होणारा रोध, म्हणजे हवेचा अडथळा, सर्वांत कमी होतो. हे खरे आहे, पण एवढ्याने एचई ७० चा वेग समजत नाही. विद्यार्थ्यांबरोबर ढोबळ हिशेब केला. भरलेले वजन सुमारे ३,४०० किलो, म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९३ किलोच्या आसपास भार. विस्तार आणि सरासरी रुंदीचे गुणोत्तर ६. वेग ताशी ३६० किलोमीटर. या स्थितीत उचलीपायी होणारा रोध एकूण रोधाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी निघतो. उरलेला नऊ दशांशांहून अधिक रोध विमानाच्या पृष्ठभागावरून घसरत जाणाऱ्या हवेचा, सांध्यांचा, रेडिएटरचा आणि बाहेर आलेल्या प्रत्येक वस्तूचा असतो. म्हणून लंबवर्तुळामुळे विमान वेगवान झाले, असे फलकावर लिहायचे नाही, हे ठरले. लंबवर्तुळाने दिले ते वेगळेच: मुळाशी भरपूर रुंदी आणि खोली, ज्यात इंधनाच्या टाक्या आणि दुमडलेली चाके मावू शकतात, आणि टोकाकडे कमी वजन. त्याबरोबर तो आकार डोळ्याला सुखावतो, आणि ग्युंटर बंधूंना त्याचेही मोल होते, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या विमानांवरून दिसते.

१६ फेब्रुवारी

स्पार, म्हणजे पंखाचे लांब मुख्य कणे, जोडले. समोरून पाहिले तर हा पंख सरळ नाही. धडापासून निघून तो प्रथम खाली उतरतो आणि मग वळून वर चढतो. ही दुमड दिसायला डौलदार आहे, पण ती ठेवण्यामागे दोन रोखठोक कारणे आहेत. पंख खाली वळतो त्या सर्वांत खालच्या जागी चाकांचे पाय बसवले की ते आखूड होतात, हलके होतात आणि बाहेरच्या बाजूला दुमडून पंखाच्या पोटात मावतात. दुसरे असे की खाली बसवलेला पंख गोलसर धडाला अरुंद कोनात भेटला तर त्या खाचेत हवा अडकून भोवरे उठतात. इथे पंख धडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात भेटतो आणि ती खाच उरतच नाही.

प्रतिकृतीत दुमडीच्या जागी स्पार सलग ठेवणे शक्य नसल्याने दोन्ही बाजूंना बर्च प्लायची पट्टी लावून सांधा मजबूत केला आणि शिकंजात दोन दिवस दाबून ठेवला. मूळ पंखही लाकडीच होता, आणि वरून प्लायवूडने मढवलेला होता. धातूचे धड आणि लाकडाचे पंख हा मेळ ऐकायला जुनाट वाटतो. पण दोन दिशांना वळणारी वक्रता पातळ पत्र्यात आणायची तर साचे आणि ठोकाई लागते, आणि लाकडात तीच वक्रता घासून काढता येते. हाइंकेलच्या कारखान्याला मोजकी विमाने लवकर उभी करायची होती, आणि लाकूड हे त्या घाईला साजेसे उत्तर होते.

२३ फेब्रुवारी

रिबा बाल्सात, धड शिवणीच्या लाकडात कोरायचे ठरले. शिवण हलकी असते, धारदार पटाशीखाली तुटत नाही आणि रंधा मारल्यावर तिचे तंतू फारसे उभे राहत नाहीत. पंखावर ०.८ मिलिमीटरचा प्लाय ओला करून बसवला.

९ मार्च

धडाचे काम चालू आहे. मूळ धड ड्युराल या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे, कवचासारखे, म्हणजे आतल्या सांगाड्याइतकाच बाहेरचा पत्राही भार उचलणारा. पत्रे एकमेकांवर न चढवता कडेला कड लावून जोडलेले आणि रिव्हेटांची डोकी पत्र्यात बुडवलेली. त्याच काळात जर्मनीत युंकर्सची विमाने नालीदार पत्र्याची असत. तो पत्रा ताठ आणि टिकाऊ होता, पण प्रत्येक नालीमुळे हवेला भिडणारे क्षेत्र वाढत असे. एचई ७० च्या शेजारी तसे विमान उभे केलेल्या छायाचित्रात दोन पिढ्यांचे अंतर दिसते, प्रत्यक्षात ते काही वर्षांचेच होते.

१:१० प्रमाणात बुडवलेले रिव्हेट दिसताच कामा नयेत, म्हणून आम्ही ते कोरणार नाही. त्याऐवजी पृष्ठभागावर वेळ घालवायचा: लांबी (पुटी) भरणे, सुकू देणे, पॉलिश पेपर १२० पासून सुरू करून १००० पर्यंत नेणे, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणे. हे काम कंटाळवाणे आहे असे एका विद्यार्थिनीने म्हटले आणि ते खरेच आहे. परंतु या विमानाची खरी कामगिरी याच कंटाळवाण्या कामात आहे, आणि ती वाचून कळत नाही, हाताला कळते.

धडाची आतली मांडणी मोठी विलक्षण आहे. वैमानिक मध्यरेषेवर बसत नाही. त्याची जागा डावीकडे सरकवलेली आहे आणि तेवढ्यापुरते छोटे आच्छादन वर आलेले आहे. रेडिओचालक त्याच्या जवळ, पण खालच्या पातळीवर. मागे केबिनमध्ये चार प्रवासी, दोघे दोघांसमोर तोंड करून. उंच माणसाला त्यात अवघडल्यासारखे व्हायचे यात शंका नाही. पण सहा माणसे इतक्या बारीक धडात बसवली, म्हणूनच समोरून पाहताना विमान इतके लहान दिसते. वैमानिकाला उजवीकडे आणि खाली फारसे दिसत नसे, आणि बर्लिनहून हॅम्बुर्गला टपाल नेणाऱ्या वैमानिकाला त्यावाचून चालत होते. हे वाक्य मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवतो, कारण टेहळणीच्या भागाकडे वळल्यावर ते पुन्हा लागेल.

१६ मार्च

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंख एचई ७० वरून उचलला का, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीत वायुगतिकी पाहणारे बेव्हर्ली शेन्स्टन यांनी हे विमान पाहिले होते आणि त्याच्या पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाने ते फार प्रभावित झाले होते. पण स्पिटफायरचा पंख बराच पातळ आणि वेगळ्या छेदाचा आहे. लंबवर्तुळही त्यांनी आपल्या कारणांनी, चाके आणि मशीनगन मावाव्यात यासाठी निवडले. विमाने इतकी साफ करता येतात, हा धडा मात्र त्यांनी याच विमानाकडून घेतला असे मला वाटते.

२३ मार्च

नाकाचा भाग. इंजिन बीएमडब्ल्यू ६: इंग्रजी व्ही अक्षरासारखी मांडणी असलेले बारा सिलिंडरचे, द्रवाने थंड होणारे, ४६.९ लिटर क्षमतेचे. पहिल्या विमानांत ६३० अश्वशक्ती देणारे, नंतरच्या प्रकारांत ७५० च्या आसपास. १९२६ पासून बनत असलेले हे इंजिन विश्वासू होते, पण त्याला सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंप, नव्हता. त्यामुळे विमान जसजसे वर चढेल आणि हवा विरळ होईल तसतशी शक्ती घटत जाई. जर्मनीत १९३२ मध्ये या कामाला याहून चांगले इंजिन उपलब्ध नव्हते. या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. इंजिन वाढवता येत नव्हते, म्हणून रोध कमी करावा लागला. एचई ७० ची सगळी सफाई या टंचाईतून आली.

रेडिएटर हे त्याचे उत्तम उदाहरण. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी १०० अंशांना उकळते, म्हणून त्याला बरेच खाली ठेवावे लागते आणि मोठा रेडिएटर लागतो. इथे पाण्याऐवजी इथिलीन ग्लायकॉल वापरले. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, त्यामुळे द्रव अधिक तापू दिला तरी चालते. द्रव आणि बाहेरची हवा यांच्यातला फरक वाढला की तीच उष्णता लहान रेडिएटर बाहेर टाकू शकतो. शिवाय तो रेडिएटर नाकाखालून आत ओढून घेता येत असे: जमिनीवर आणि चढताना बाहेर, पूर्ण वेगात जवळजवळ आत. प्रतिकृतीत आम्ही तो सरकता ठेवला आहे. आत असतानाची आणि बाहेर असतानाची बाजू पाहिली की हवेचा हिशेब समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

६ एप्रिल

चाकांचे दरवाजे आणि पाय पूर्ण झाले. पितळी नळी डाखून घेतली. शेपटीखालचा आधार बाहेरच ठेवला.

टिपणात भर: पहिले उड्डाण १ डिसेंबर १९३२ रोजी वेर्नर युंक यांनी केले. १९३३ च्या वसंत ऋतूत लुफ्थांझाचे वैमानिक रॉबर्ट उंटुख्ट यांनी याच जातीच्या विमानातून ठरावीक अंतरांवर, ठरावीक वजन घेऊन, वेगाचे आठ जागतिक विक्रम केले. विमानाने गाठलेला सर्वाधिक वेग ताशी ३७७ किलोमीटर नोंदला आहे. त्या वेळी अनेक देशांच्या लढाऊ विमानांना हा वेग जमत नव्हता, आणि हे विमान तर चार प्रवाशांची खोली पाठीवर घेऊन उडत होते. लुफ्थांझाने जून १९३४ मध्ये बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन आणि फ्रँकफुर्ट या शहरांमध्ये ‘ब्लिट्झ’ या नावाने जलद सेवा सुरू केली.

२० एप्रिल

टपाल विमानाच्या केबिनचा भाग पूर्ण होत आला. आत खुर्च्यांऐवजी टपालाच्या पिशव्या दाखवायच्या की प्रवासी, यावर बरीच चर्चा झाली. देशांतर्गत मार्गांवर दोन्ही असत. मी पिशव्यांच्या बाजूने होतो, त्याचे कारण सांगतो.

१५ मे १९३३ पासून बर्लिन–हॅम्बुर्ग मार्गावर ‘फ्लिगेंडर हॅम्बुर्गर’ ही डिझेल रेल्वेगाडी धावू लागली आणि २८६ किलोमीटरचे अंतर तिने १३८ मिनिटांत कापायला सुरुवात केली. एचई ७० ला हवेत तासाभराच्या आतच हे अंतर पुरे. पण प्रवाशाला शहरातून विमानतळ आणि विमानतळावरून शहर गाठावे लागते, थांबावे लागते, आणि मध्यवर्ती स्थानकातून थेट मध्यवर्ती स्थानकात नेणाऱ्या गाडीपुढे त्याची बचत फारशी उरत नाही. त्यातून चार जणांसाठी एवढे मोठे इंजिन जाळायचे. हिशेब जमणे कठीणच होते. पुढे युंकर्सचे यू १६० सहा प्रवासी घेऊन थोड्या कमी वेगाने उडू लागले तेव्हा लुफ्थांझाने तेही आनंदाने घेतले.

लांब पल्ल्याच्या टपालाचे गणित मात्र निराळे होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये लुफ्थांझाने दक्षिण अटलांटिक पार करणारी नियमित टपाल सेवा सुरू केली. स्टुटगार्टहून सेव्हिल, तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बाथर्स्ट, बाथर्स्टहून डॉर्नियर वाल जातीच्या उडत्या नौकेने ब्राझीलमधील नाताल. समुद्राच्या मध्यावर ‘वेस्टफालेन’ हे जहाज उभे राही, नौका त्याच्याजवळ उतरून इंधन घेई आणि हाइंकेलच्याच कॅटापल्टने पुन्हा हवेत फेकली जाई. १९३४ ते १९३६ या काळात स्टुटगार्ट–सेव्हिल हा पहिला टप्पा एचई ७० कडे होता आणि सेव्हिलच्या पुढे आफ्रिकेपर्यंत युंकर्स यू ५२. या साखळीत पहिल्या कडीला उशीर झाला तर पुढची प्रत्येक कडी थांबून राहते. म्हणून तिथे सर्वांत वेगवान विमान लावणे हा समजूतदार निर्णय होता. पत्राला विमानतळावर ताटकळल्याचे दुःख नसते आणि पाय दुमडून बसावे लागत नाही. एचई ७० ज्या कामासाठी जन्मले ते काम त्याला याच मार्गावर पूर्णपणे मिळाले. शेवटी पिशव्याच ठेवल्या.

११ मे

टेहळणी विमानाचा सुटा भाग. १९३५ मध्ये जर्मनीने आपले हवाईदल उघड केले. त्यापूर्वी व्हर्सायच्या तहामुळे लष्करी विमान बाळगायला बंदी होती आणि अनेक आराखडे टपालाच्या किंवा प्रवासाच्या नावाखाली पुढे गेले. एचई ७० च्या बाबतीत मला तसे म्हणणे अन्यायाचे वाटते. त्याची आखणी लुफ्थांझाच्या खऱ्या गरजेतून झाली. लष्कराने ते नंतर, तयार आणि वेगवान मिळाले म्हणून उचलले. ‘ई’ प्रकार हलक्या बाँबफेकीसाठी आणि ‘एफ’ प्रकार दूर टेहळणीसाठी झाला. संख्येने लष्करी विमाने नागरी विमानांपेक्षा कितीतरी अधिक झाली.

केबिनच्या जागी आता निरीक्षकाची जागा, कॅमेरा आणि मागच्या बाजूला ७.९२ मिलिमीटरची एकच एमजी १५ बंदूक धरलेला माणूस उघड्यावर. ९ मार्चच्या नोंदीतील वाक्य इथे लागते. टपालाच्या वैमानिकाला खाली आणि बाजूला पाहावे लागत नव्हते. टेहळणीच्या वैमानिकाचे तर सगळे काम पाहण्याचे. रुंद, खाली बसवलेला लंबवर्तुळ पंख नेमका त्या दिशेला आड येतो जिथे जमीन असते. प्रतिकृतीत वैमानिकाच्या डोक्याच्या जागी छोटा कॅमेरा ठेवून विद्यार्थ्यांनी छायाचित्रे घेतली. उजवीकडे खाली पंख आणि नाक यांव्यतिरिक्त काहीच येत नाही. ही छायाचित्रे काचपेटीत ठेवणार आहोत. मागची उघडी जागा झाल्याने पाठीची सलग रेषा मोडते, त्या खळग्यात हवा घुसते, आणि ज्या वेगाच्या भरवशावर एका बंदुकीने भागेल असे धरले होते, तो वेगच काही अंशी जातो.

१९३६ च्या अखेरीस कोंडोर लीजनबरोबर एचई ७० स्पेनमध्ये गेले; तिथल्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या या जर्मन दलाच्या टेहळणी पथकात, ए/८८ मध्ये, ते वापरले गेले. एकूण २८ विमाने तिथे पोहोचली. सुरुवातीला त्यांचा वेग उपयोगी पडला. पुढे १९३७ मध्ये त्यांची जागा डॉर्नियर डीओ १७ ने घेतली आणि उरलेली विमाने फ्रँकोच्या हवाईदलाला दिली गेली. याच लीजनच्या बाँबफेकी विमानांनी २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका शहर उद्ध्वस्त केले. टेहळणीचा भाग बसवताना हा संदर्भ फलकावर असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पंखांच्या वक्रतेचे कौतुक करताना ते विमान कोणासाठी उडत होते ते झाकता येणार नाही.

२५ मे

आगीचा प्रश्न. वजन वाचवण्यासाठी काही भाग ‘एलेक्ट्रॉन’ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. तो धातू ॲल्युमिनिअमपेक्षा बराच हलका, पण एकदा पेटला की विझवणे कठीण. त्यात प्रत्येक पंखात इंधनाची टाकी, तीही गोळी लागल्यावर छिद्र आपोआप बुजवणारी नव्हे, आणि तिच्याभोवती लाकूड. टपालाच्या मार्गावर ही निवड योग्यच होती. गोळीबारात तिचे मोल भयंकर होते. टाक्यांच्या जागा प्रतिकृतीच्या डाव्या पंखाखाली लाल रेषेने दाखवल्या आहेत.

हंगेरीने १८ विमाने एचई १७० या नावाने घेतली. त्यांत बीएमडब्ल्यूऐवजी मानफ्रेड वाइस कारखान्यात परवान्याने बनणारे, हवेने थंड होणारे त्रिज्य मांडणीचे इंजिन होते. निमुळत्या नाकाच्या जागी गोल बोथट नाक आले. १९४१ मध्ये सोव्हिएत आघाडीवर ती टेहळणीला गेली आणि अपुरा पल्ला, तोकडे संरक्षण आणि वैमानिकाला दिसणारा मर्यादित परिसर या तिन्ही तक्रारी तिथेही पुढे आल्या. डाइम्लर-बेंझचे अधिक शक्तिशाली डीबी ६०१ इंजिन लावून केलेले एचई २७० हे एकच नमुना-विमान १९३८ मध्ये उडाले आणि तिथेच थांबले. शक्ती वाढवून जागेचा आणि दृष्टीचा प्रश्न सुटणार नव्हता.

१५ जून

रंग. कोणत्या दिवसाचे विमान दाखवायचे, हे ठरवणे रंगाआधी आवश्यक होते. १९३३ च्या उन्हाळ्यापासून जर्मन नागरी विमानांच्या शेपटीवर नाझी चिन्ह येऊ लागले आणि १९३५ मध्ये ते दोन्ही बाजूंना आले. ग्रंथालयात ते चिन्ह रंगवण्याची माझी तयारी नाही. इतिहास लपवायचाही नाही. म्हणून मूळ विमान पहिल्या उड्डाणाच्या महिन्यातले, म्हणजे डिसेंबर १९३२ चे दाखवायचे आणि चिन्हाचा पुढचा इतिहास फलकावर लिहायचा, असे ठरले.

रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर ओल्या पॉलिश पेपरने घासून. अखेरच्या हातानंतर पंखावर खिडकीची कड सरळ रेषेत उमटू लागली, म्हणजे पृष्ठभाग झाला.

२९ जून

तुलनेचा फलक. ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने १९३६ मध्ये एक एचई ७० इंजिनांच्या चाचणीसाठी मिळवले; मोबदल्यात जर्मनीला रोल्स-रॉइसची केस्ट्रेल इंजिने मिळाली. मेसरश्मिट बीएफ १०९ या जर्मन लढाऊ विमानाचे पहिले विमान १९३५ मध्ये केस्ट्रेलवरच उडाले होते, यावरून जर्मनीची इंजिनांची टंचाई किती खरी होती ते दिसते. केस्ट्रेलची क्षमता २१ लिटरच्या थोडी वर, म्हणजे बीएमडब्ल्यू ६ च्या निम्म्याहून कमी. पण त्याला सुपरचार्जर होता आणि विरळ हवेतही ते शक्ती टिकवून धरी. त्या इंजिनासह हेच विमान ताशी ४१८ किलोमीटरच्या आसपास गेले. ग्युंटर बंधूंचे धड आणि पंख बीएमडब्ल्यू ६ ने कधीच पुरते वापरले नव्हते, हे सिद्ध व्हायला इंग्लंडमधले इंजिन लागले.

फलकाच्या खालच्या ओळीत एचई १११ चे रेखाचित्र दिले आहे. २४ फेब्रुवारी १९३५ रोजी पहिल्यांदा उडालेले ते दोन इंजिनांचे विमान एचई ७० चाच विस्तार होता. पंखांची वक्रता आणि शेपटीचा आकार पाहताच नाते ओळखू येते. वाल्टर ग्युंटर सप्टेंबर १९३७ मध्ये मोटार अपघातात मरण पावले. झिगफ्रीड हाइंकेलकडेच राहिले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये उडालेल्या एचई १७८ या पहिल्या जेट विमानाच्या कामातही होते.

प्रतिकृती आज काचपेटीत बसवली, टपालाचा भाग लावून. टेहळणीचा भाग शेजारी स्वतंत्र चौथऱ्यावर आहे. तो लावताना मागचे दोन पितळी खिळे आधी बसवायचे आणि मग पुढची खाच दाबायची. नाकाखालचा रेडिएटर सरकवण्याची कळ डाव्या बाजूला आहे आणि ती पाहणाऱ्यांना हाताळू द्यायची आहे. रिबांचे फर्मे, पंखाची आखणी आणि धडाच्या छेदांची रेखाटने कार्यशाळेतील दुसऱ्या कपाटात, वरच्या खणात ठेवली आहेत.